तीन हात जवसाचं तेल

परवा नातवानं परभणीच्या घरापुढे रंगीत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. उन्हानं रंग उडू नये म्हणून सीलर लावायला एक माणूस आला आणि मला बजावून गेला, आजी, उद्यापर्यंत पाय ठेवू नका... पाय नाही ठेवला. पण दर दहा मिनिटांनी दारात जाऊन बोट लावून बघत होते.

ही खोड जुनी आहे. निजामी जाऊन आठ-दहा वर्षं झाली असतील, मी नुकतीच लग्न होऊन गंगाखेडहून जिंतूरला आले होते.

माझे वडील, आबा, गवंडी होते. सिमेंटमध्ये लाल रंग घालून घोटलेला कोबा करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिवाळीत त्यांनी माझ्या सासरचं अंगण तसं करून दिलं. तेव्हापासून सासूबाई पाहुण्यांना आधी अंगण दाखवायच्या, मग पाणी विचारायच्या.

चैत्र लागला आणि अंगण पांढुरकं पडायला लागलं. त्यातच आबांचा निरोप आला. गंगाखेडचे एक वकील बंगला बांधत होते, अंगणापासून गच्चीपर्यंत सगळा लाल कोबा. काम आबांना द्यायचं की नाही, ते आमचं अंगण बघून ठरवणार होते... आणि शनिवारी येणार होते.

दोन वर्षं आबांना ओटे आणि न्हाण्या यापलीकडे काम मिळालं नव्हतं. हे गेलं असतं तर पुन्हा मिळालं नसतं.

उपाय मला लहानपणापासून माहीत होता. जवसाचं तेल कोमट करायचं, चिंधीनं एक हात फिरवायचा आणि मुरू द्यायचं. मग रंग उन्हाला दाद देत नाही.

बुधवारी सकाळी एक हात लावला. रंग असा खुलला की सासूबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "आजून एक लाव की," त्या म्हणाल्या. "मारुतीला शेंदूर चढवताना कुणी हात आखडतंय का?"

मला पटलं. दुपारी दुसरा हात लावला आणि दिवस मावळायच्या आत तिसरा... गवंड्याची लेक असून मला अक्कल सुचली नाही.

गुरुवारी बोट लावलं, चिकट. जेवणाआधी लावलं, चिकट. जेवणानंतरही तेच. सगळं घर मागच्या दारानं ये-जा करायला लागलं. मी भाकरी थापता थापता उठायचे, अंगणात जायचे, परत यायचे... दोन भाकरी करपल्या.

शुक्रवारी शेजारच्या अंगणात गाद्या भरायला पिंजारी चाचा आले. उन्हाळ्यात घरोघरी हे काम निघायचंच, पण माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं. त्यांची पिंजायची कमान वाजायला लागली, कापूस उडायला लागला आणि वारा नेमका आमच्या बाजूला. तासाभरात लाल अंगण पांढरंफेक.

मी पायरीवर बसून रडले. अगदी हमसून रडले.

चाचा कमान ठेवून कुंपणापाशी आले. वाकून बघितलं. "रो मत बेटी," ते म्हणाले. "तेल लय झालंय, दुसरं काय न्हाई. कमानीला जास्त झालं की आमी कापसानंच पुसतो." आणि गादीत घालायच्या लायकीचा नसलेला बोचकंभर कापूस त्यांनी मला दिला. घासलेटात बुडवून जोर लावून पूस म्हणाले.

मी पदर खोचला. बघते तर सासूबाईही पदर खोचून समोर बसलेल्या. "आत्याबाई, तुमी राहू द्या," मी म्हणाले. "गप," त्या म्हणाल्या. "तेल लाव लाव म्हणणारी मीच हाय न्हवं."

सांजवात लावेपर्यंत अंगण पुसून झालं. बोट लावलं... कोरडं.

शनिवारी आबा वकिलांना घेऊन आले. वकील बूट घालून इकडून तिकडे फिरले, टाचेनं कोबा घासून बघितला. उन्हात रंग टिकतो का, म्हणाले. "चैत्राचं ऊन खायलाय सायेब, बघा की," आबा म्हणाले.

तेवढ्यात मला दिसलं. पायरीजवळ तळहाताएवढा कापूस चिकटून राहिला होता. आणि वकील तिकडेच वळत होते.

आबा अनवाणी होते. दोन पावलं टाकून ते त्या जागेवर जाऊन उभे राहिले. वकिलांशी बोलत राहिले, पण हलले नाहीत. सासरे बसा म्हणाले तरी बसले नाहीत. चहा त्यांनी उभ्यानं हातात घेतला आणि प्यायचाच विसरले...

वकील सासऱ्यांबरोबर आत गेले तेव्हा आबांनी पाय उचलला. तळव्याला कापूस तसाच चिकटलेला. माझी मान वर होईना.

"किती हात दिलेस गं?"

"तीन."

"वकिलाकडं एकच द्यायचा हाय," ते म्हणाले. "सोमवारपास्नं काम सुरू."

आबा जाऊन आता खूप वर्षं झाली, ते अंगणही राहिलं नाही. परवा सीलरवाल्याला मी विचारलं, किती हात देणार रे... एकच, म्हणाला. बरं वाटलं. आत येऊन खुर्चीत बसले आणि मनातल्या मनात आबांना हात जोडले. माझ्या चुकीवर पाय ठेवून ते चहा गार होईपर्यंत उभे राहिले होते.