बुडायला बांधलेलं मैदान

हर्षला ऐनकर गटारं काढते. ती हे उघड सांगते. पोशीरला भात पिकवणारे तिचे वडील नागू ऐनकर मात्र "पोरगी नगरपंचायतीत इंजिनेर हाय" एवढ्यावरच थांबतात. लग्नाच्या बोलणीत 'गटार' हा शब्द दोनदा आडवा आला, तेव्हापासून घरात त्याला बंदी आहे. पूल बांधणाऱ्याला हार घालतात, धरण बांधणाऱ्याची मिरवणूक काढतात. पावसाचं पाणी वस्तीतून कसं न्यायचं याचा हिशोब मांडणाऱ्या बाईला मात्र लोक लांबूनच नमस्कार करतात.

तिची नगरपंचायत कर्जत आणि खालापूरच्या मधल्या पट्ट्यात आहे. नाव सांगून उपयोग नाही, पाणी सगळीकडं सारखंच तुंबतं. तिथं पूर्वी भातखाचरं होती. पडलेला पाऊस बांधाबांधात थांबायचा आणि सावकाश खाली उतरायचा. मग खाचरांच्या जागी इमारती आल्या आणि प्रगती झाली. आता पाऊस स्लॅबवर, डांबरावर, पेव्हर ब्लॉकवर पडतो आणि सगळाच्या सगळा एकदम पळत सुटतो. ओढ्यानं त्याला वाट दिली असती, पण ओढ्यावर पार्किंग झालंय आणि खाली ओढ्याच्या सोयीसाठी एक पाइप ठेवलाय. पाणी काही पाइपात मावत नाही. मग ते खालच्या अंगाच्या ठाकूरवाडीत शिरतं. दर जुलैला घरं बुडायची, दर जुलैला पंचनामा व्हायचा, आणि पुढारी बिस्किटाचा पुडा देताना फोटो काढून घ्यायचे. व्यवस्था चोख होती.

हर्षलानं दोन महिने उतार मोजले आणि सभेत सांगितलं, "नुसती गटारं रुंद करून भागणार नाही. पाणी आणखी जोरात वाडीवर जाईल. त्याला वरच अडवायला हवं. बाजारामागचा मोकळा प्लॉट खोल करा. जोराचा पाऊस आला की पाणी तिथं थांबेल आणि खालच्या बारीक तोंडातून हळूहळू निघून जाईल."

नगराध्यक्ष धनेशशेठ चकित झाले. "म्याडम, लोकांनी आमाला पाणी घालवायला निवडून दिलंय. तुमी आणून ठेवायला सांगताय?"

"ठेवायचं नाही शेठ, थांबवायचं. चार-पाच तास."

"आनि बाकीचं वर्षभर तिथं काय? डास?"

सभागृह खदखदून हसलं. त्या प्लॉटवर आधीच कारंज्याचा प्रस्ताव होता. दर वर्षी बुडणाऱ्या गावाला कारंजं हवंच. हर्षलाचा आराखडा बारगळला.

पुढच्या सभेत ती तोच आराखडा घेऊन आली, फक्त नाव बदलून: 'खोलगट क्रीडांगण व प्रेक्षक गॅलरी'. मैदान रस्त्यापेक्षा चार फूट खाली, भोवती बसायला पायऱ्या. पाण्यासाठी ज्यांच्याकडं गुंठाभर जागा नव्हती, त्यांनी क्रिकेटसाठी अख्खा प्लॉट दिला. हर्षला खोटं बोलली नाही. "पावसाळ्यात इथं पाणी भरेल," असं तिनं उभं राहून सांगितलं.

"पावसाळ्यात किरकेट कोन खेळतंय?" शेठ म्हणाले, आणि ठराव मंजूर झाला.

हिवाळ्यात उद्घाटन झालं. शेठ पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाले. पंचांनी तो नो-बॉल ठरवला. तालुक्यात पंचांना अजून बोलावणी येतात.

जुलैत एक दिवस माथेरानच्या बाजूनं सकाळीच काळोख झाला आणि दुपारपर्यंत पाऊस थांबलाच नाही. हर्षला छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. गटारांतून पाणी येऊन मैदानात पसरत होतं. कागदावरची रेघ डोळ्यांसमोर पाणी होताना बघून तिला उगाच हसू येत होतं.

मग हसू मावळलं. पाणी चढत होतं, पण खालच्या तोंडातून काहीच जात नव्हतं. वाऱ्यानं फाटलेला शेठच्या वाढदिवसाचा फ्लेक्स वाहत येऊन तोंडावरच्या जाळीला चिकटला होता. चूक हर्षलाची होती. जाळी तिरकी आणि मोठी हवी होती. तिनं ती सपाट बसवली होती, आणि सपाट जाळीला सगळंच चिकटतं. पाणी काठावरून सांडलं असतं, तर सगळं एकदम वाडीवर गेलं असतं.

तिनं ऑफिसला फोन लावला. "अर्ज द्या, माणसं पाठवतो," उत्तर आलं.

पाणी कुठवर आलंय ते बघायला वाडीतली ठकी वर आली होती. मागोमाग तिचा नवरा कमळ्या. हर्षलानं फ्लेक्स दाखवला. कमळ्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक दोघींनी धरलं, आणि तो कोयता घेऊन छातीभर पाण्यात उतरला.

"म्याडम, शेठच्या तोंडावरनं कापू का?" तो ओरडला.

"कुठूनही काप रं बाबा!"

फ्लेक्स फाटला आणि पाणी गुरगुरत निघालं. संध्याकाळी वाडीत पाणी अंगणापर्यंत आलं आणि उंबऱ्याबाहेरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गावात बोंब उठली. वाडी वाचली म्हणून नव्हे, मैदान बुडालं म्हणून. खेळाडूंनी व्हिडिओ टाकले, विरोधकांनी पाण्यात उभं राहून घोषणा दिल्या. निकृष्ट कामाबद्दल हर्षलाला नोटीस आली. "मैदान बुडायलाच बांधलंय," ती ज्याला त्याला सांगत होती आणि लोक तिच्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसे बघत होते. शेठनी मैदानात भराव टाकायची घोषणा केली. त्या रात्री हर्षला जेवली नाही.

सकाळी ती वाडीत गेली. "ठके, मैदान बुजवतायत गं. तू बोलशील?"

ठकी बोलली. शेठ भरावाची जागा दाखवायला पत्रकारांना घेऊन आले, तेव्हा ती वाडीतल्या बाया घेऊन पुढं झाली. "शेठनी मैदान खोल केलं, म्हनून औंदा आमच्या चुली इझल्या नाय. देवमानूस हाय!"

शेठ क्षणभर गोंधळले. पण राजकारणात त्यांची हयात गेली होती. "हेच तर माझं स्वप्न होतं," ते कॅमेऱ्याकडं वळून म्हणाले.

नोटीस मागं घेतली गेली. मैदानावर फलक लागला: 'जलरोधक क्रीडांगण. संकल्पना: मा. धनेशशेठ.' पाणी भरायला केलेल्या मैदानाला जलरोधक म्हणणारं हे भारतातलं बहुधा एकच गाव. हर्षला दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी तिनं शेठच्याच संकल्पनेचं कौतुक करत शाळेचं मैदान खोल करायची मंजुरी मिळवली. ओढा मोकळा करायचा विषय निघाला, तेव्हा मात्र शेठना अचानक मीटिंग आठवली. ते पार्किंग त्यांच्या मेव्हण्याचं आहे.

दिवाळीत ठकीनं घरात लादी बसवायला काढली. वाडीत आजवर कुणी बसवली नव्हती. दर वर्षी चिखलाखाली जाणाऱ्या जमिनीवर कोण खर्च करतो? तिनं हर्षलाला बोलावून विचारलं, "आता पानी येनार नाय ना?"

"लादी बसव," हर्षला म्हणाली. "पण तांदूळ माळ्यावरच ठेव."