उजवीकडून वाचायची सवय

गुरुग्रामच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी जेवणं झाली की आम्ही दोघी एकाच टॅबवर मांगा वाचायचो. जपानी चित्रकथा, आणि तीही एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोन मुलींची. त्यातली लांब केसांची दर प्रकरणात संशय घ्यायची, दुसरीचा फोन तपासायची आणि पानभर रडायची. "काय येडी आहे यार ही," मी म्हणायचे. सोसायटीत आम्ही मावसबहिणी म्हणून राहत होतो. त्यामुळे आमच्यासारख्या दोघींचं भांडणसुद्धा बघायला मला बरं वाटायचं.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. माझ्या जोडीदारणीला ते काही केल्या जमेना. ती डावीकडून सुरुवात करायची आणि प्रश्नाच्या आधीच उत्तर वाचून बसायची. मग मी पहिल्या चौकटीवर बोट ठेवायचे, तिथून पुढच्या चौकटीवर, आणि तिची नजर माझ्या बोटामागून यायची. ते मला गोष्टीपेक्षाही जास्त आवडायचं.

एका रविवारी मी बोट ठेवायच्या आतच ती उजवीकडचं वाचून मोकळी झाली. पुढचं पानही तसंच, कुठेही न अडखळता.

"कधी जमलं तुला?"

"अगं, मेट्रोत वाचते ना हल्ली. ऑफिसमध्ये ती नवीन मुलगी आलीय ना, तिलाही आवडतं. आम्ही दुसरीच एक सिरीज वाचतो."

"अच्छा," मी म्हटलं, पण माझा नुसता जळफळाट झाला. त्या मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी ती हिला खेटून बसलेली मला दिसायला लागली. तिचं बोटही दिसलं, नीट नेलपॉलिश लावलेलं.

ही अंघोळीला गेली तेव्हा मी हिचा फोन उचलला. त्यात काहीच नव्हतं. ऑफिसची कामं, दोन-चार स्टिकर आणि त्या मुलीचा एक मेसेज, 'कल आगे पढ़ेंगे?' तेवढ्यानेही मला रडू फुटलं. ती टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिली.

"केस तेवढे वाढव आता," ती म्हणाली. हसली नाही.

आठवडाभर आम्ही दूध आणि भाजीपुरतंच बोललो. पुढच्या रविवारी टॅब तिनेच आणला, माझ्या शेजारी बसली आणि मोठ्याने वाचायला लागली. थेट डावीकडून, आधी उत्तर. मग थांबली. माझ्याकडे न बघता, नजर पानावर ठेवून थांबून राहिली.

ती मुद्दाम चुकली होती, आणि ते मला कळलंय हे तिलाही ठाऊक होतं. मी उजवीकडच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिची नजर पूर्वीसारखी हळूहळू मागून आली. मला खूप बरं वाटलं.

मेट्रोत ती कुणासाठी अशी चुकत असेल का, हे मात्र मनात आलंच.