तुलनेची विहीर

"पाणी संपत नाही हो, ते फक्त खाली सरकतं," असं तो एकदा म्हणाला होता. ज्या बाईला म्हणाला, तिच्या दारची विहीर आटलेली होती.

त्याला सगळे नगण्यराव म्हणत, अर्थात पाठीमागे. कोळशाच्या खाणीमुळे खोऱ्यातल्या विहिरींचं आणि शेतांचं काय झालं हे तपासून अहवाल लिहिणं ही त्याची नोकरी, आणि 'परिणाम' या शब्दाशेजारी दुसरा शब्द लिहायला त्याचा हात कधी वळलाच नाही. झरा आटला: परिणाम नगण्य. शेत मधोमध खचलं: नगण्य. त्याचा ड्रायव्हर म्हणायचा, आडात नाही तेही आमच्या साहेबांच्या पोहऱ्यात येतं.

लाच तो घेत नसे. घेतली असती तर त्याच्या खोटेपणाला निदान काही किंमत होती असं म्हणता आलं असतं. त्याला फक्त कटकट नको होती. चिखल नको, ऊन नको, वरिष्ठांचा फोन नको. अशी माणसं दुष्ट नसतात. दुष्टपणालाही थोडे कष्ट लागतात.

विहिरींचं पाणी खाणीने ओढलं की पाऊसच कमी पडला, हे ठरवायला खाणीपासून लांबची एक विहीर लागते. तिला तुलनेची विहीर म्हणतात. तिचं पाणी टिकलं आणि बाकीच्यांचं उतरलं, तर दोष खाणीचा. सगळ्यांचं सारखंच उतरलं, तर दोष आभाळाचा. नगण्यरावाने तुलनेसाठी निवडली टेकडीपलीकडची, आपल्या थोरल्या बहिणीची विहीर. गाडी थेट दारापर्यंत जायची. विहिरीत फीत सोडायची, आकडा टिपायचा, ताईच्या हातचं जेवायचं आणि आतल्या खोलीत गार फरशीवर ताणून द्यायची. ताईचं पाणी दरवर्षी उतरत गेलं, खोऱ्याचंही उतरत गेलं, आणि साहेब दरवर्षी आभाळाकडे बोट दाखवत गेले.

मग खाण खोऱ्याच्या वरच्या अंगाला वाढवायचं ठरलं. तिथली शेतं अजून हिरवी होती, विहिरींना पाणी होतं. सभागृहात सुनावणी लागली. अहवाल मान्य झाला की मशीनं वर चढणार, हे शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं. ताईसुद्धा आली होती. तिच्या शेताचा खालचा कोपरा खचला होता, त्याचं कुणाला सांगायचं हे विचारायला.

अहवाल मोठ्याने वाचला जात होता. तुलनेची विहीर, टेकडीच्या पूर्वेला, एकट्या घराच्या मागे, बाधा नाही. ताई उभी राहिली आणि ती विहीर आपली असल्याचं तिने सांगितलं. आधी तर तिला जरा अभिमानच वाटल्यासारखा दिसला. मग ते शेवटचे दोन शब्द तिच्या लक्षात आले.

"बाधा नाही, हे कुणी लिहिलं?"

भाऊ पुढच्या रांगेतून वळला. "ताई, इथे नको. घरी बोलू."

"घरी तू जेवतोस आणि झोपतोस. बोलतोस कधी?"

सभागृह हसलं. तो हसला नाही, पण रागावलाही नाही; रागवायलाही कणा लागतो.

अध्यक्षबाईंनी ताईला पुढे बोलावलं. तिने फार काही सांगितलं नाही. दुपारी जमिनीखाली सुरुंग उडतात आणि मांडणीवरची भांडी वाजतात, इतकंच. टेकडीच्या पोटातून खाणीचं भुयार तिच्या घराखाली कधीच येऊन पोचलं होतं.

"हा तेव्हा आतच पडलेला असतो," ती म्हणाली. "एकदा भांडी वाजली तर मला विचारलं, ताई, खाली काय आहे गं? मी म्हटलं, तुझी खाण. तर म्हणाला, बरं, आणि कूस बदलली."

या वेळी कुणी हसलं नाही.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. भुयार त्या घराखालून जातं हे माहीत असून ही विहीर निवडली का, असं त्यांनी त्याला सरळ विचारलं. "हो म्हणालात तर अहवाल रद्द. नाही म्हणालात तर मी आत्ता सही करते."

तो उठला. त्याने शर्टाची बाही नीट केली. वरच्या अंगाची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या एका शब्दाला वजन आलं होतं. पुढच्याच रांगेत कडेला बसलेल्या ताईने, भाऊ पुढे येऊन बोलेल म्हणून, वाट द्यायला पाय आवरून घेतले. त्याच वाटेने तो तिच्यासमोरून दाराकडे गेला आणि एक अक्षरही न बोलता बाहेर पडला.