पाइप गरम, तर डिव्हिडंड

कंपनी सेक्रेटरीचं काम म्हणजे कागद, सह्या आणि शिक्के, असं माझं कॉलेजात मत होतं. मग नवऱ्याची सरकारी बदली सिल्वासाला झाली, मला इथल्याच एका लहानशा तेल-वायू कंपनीत नोकरी लागली आणि मत बदललं. आमच्याकडे फायली कमी आणि किस्से जास्त साठतात. फायली निदान ऑडिटर तरी वाचतो. किश्श्यांचं काय करायचं, म्हणून ते तुमच्या गळ्यात.

कंपनी म्हणजे राखोलीत वंगण तेलाचा कारखाना, आणि गुजरातेत भरूचच्या पलीकडे एका जुन्या तेलविहिरीत छोटासा हिस्सा. हा हिस्सा घेताना बँकेनं नाही म्हटलं, तेव्हा गावातल्या शिक्षकांनी, सरकारी कारकुनांनी आणि आमच्याच कामगारांनी शेअर घेऊन पैसे उभे केले. त्यामुळे आमच्या शेठचा, कांतिभाईंचा, एकच हट्ट: डिव्हिडंड एकही वर्ष चुकवायचा नाही. "मोठ्या कंपनीच्या मालकाला शेअरहोल्डर वर्षातून एकदा भेटतो, बेन," ते मला म्हणाले. "मला रोज भाजी घेताना भेटतो."

*

डिव्हिडंड किती द्यायचा, हे ठरवायची शेठची स्वतःची पद्धत आहे. बोर्ड मीटिंगच्या आधी ते गाडी काढून विहिरीवर जातात आणि तेल ज्या पाइपातून बाहेर येतं त्यावर हात ठेवतात. तेल जमिनीतून गरम येतं. जास्त आलं तर पाइप जास्त तापतो. म्हणजे पद्धत अगदीच अडाणी नाही.

एका वर्षी मीटिंग मे महिन्यात आली. शेठ भर दुपारी विहिरीवर पोचले, पाइपाला हात लावला आणि "ओय मा" म्हणून मागं घेतला. त्याच आनंदात त्यांनी दणदणीत डिव्हिडंड जाहीर केला. विहिरीचे आकडे नंतर आले, आणि ते रडवेले होते. पाइप उन्हानं तापला होता. वंगणाचा नफा त्यात गेला आणि नवा टँकर घेणं राहून गेलं.

बरोबर गेले होते आमचे फोरमन पाटील, धुळ्याकडचे. शेठनी त्यांना फैलावर घेतलं, "पाटील, तुला कळत होतं ना? बोलला का नाही?"

पाटील शांतपणे म्हणाले, "मना बी शेअर शेतस ना, शेठ." अहिराणीत शेतस म्हणजे आहेत.

तेव्हापासून शेठ पाइपाला हात लावायला पहाटे जातात.

*

मग ऑडिटरनी लेखी डिव्हिडंड पॉलिसी मागितली. तळहात फाईलला लावता येत नव्हता. मी इंटरनेटवरून एका बड्या कंपनीची पॉलिसी उचलली, नावं बदलली आणि शेठसमोर ठेवली. त्यात जगभरातल्या भागधारकांचं हित, जागतिक बाजारातली अस्थिरता, सगळं होतं.

शेठनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "सरस लिहिलंय," ते म्हणाले. "पण बेन, आपलं जग वापीला संपतं."

शेवटी पॉलिसी अर्ध्या पानाची झाली. ऑडिटरनी तीही मान्य केली, कारण त्यांच्या सासूबाईंकडे आमचे शेअर आहेत.

*

शेठ जगात एकाच माणसाला घाबरतात. सावंत बाई. कोकणातून इथल्या शाळेत गणित शिकवायला आल्या, निवृत्त झाल्या आणि इथंच राहिल्या. शेठच्या मुलाला त्यांनी गणितात दोनदा नापास केलंय. दर वर्षी शेअरहोल्डरांच्या सभेत पहिला प्रश्न त्यांचा असतो, आणि शेठ मुलाच्याच चेहऱ्यानं उत्तर देतात.

एकदा शेठ नातवंडांना घेऊन वासोण्याच्या लायन सफारीला गेले. जाळीची बस आत गेली, सिंह रस्त्यात आडवा पसरला, बस थांबली. मागच्या सीटवरून बाईंचा आवाज आला, "शेठ, यंदा काय देताय?"

नातवंडं सांगतात, आजोबांनी ड्रायव्हरला विचारलं की इथं उतरता येतं का.

*

मागच्या वर्षी जुनी विहीर आटत चालली. शेठनी सगळी शिल्लक शेजारी नवी विहीर खणण्यात घातली. तेल लागलं तर पुढची कितीतरी वर्षं चिंता नाही, आणि नाही लागलं तर डिव्हिडंड शून्य. कांतिभाईंच्या आयुष्यातला पहिला.

नाही लागलं.

सभेआधी शेठ माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. "मेधाबेन, शून्य हा शब्द बरा नाही वाटत. आपण विश्रांती म्हणू. डिव्हिडंडला यंदा विश्रांती." मग म्हणाले, "नाहीतर तुम्हीच वाचा ना." मी म्हटलं, अध्यक्ष तुम्ही, तुम्हालाच सांगावं लागेल. मला त्यांची दया आली.

सभा भरली. पाटील मागच्या भिंतीला टेकून उभे, सावंत बाई नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत. शेठनी माइक धरला.

"नवी विहीर खणली. तेल नाही निघालं, पाणी निघालं. चूक माझी आहे. डिव्हिडंड शून्य."

सावंत बाईंनी हात वर केला. शेठनी डोळे मिटले.

"पाणी गोडं की खारं?"

"खारं, बाई."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "गोडं लागलं असतं तर तुम्ही तेल सोडून बाटल्या भरत बसला असता. पुढची कुठं खणायची?"