समाधी

दवाखान्यात समोरच्या बाकावर एक बाई मोसंबं सोलत होत्या. एकाएकी त्यांची बोटं थांबली, नजर भिंतीवर खिळली. ओठ मात्र काही चघळल्यासारखे हलत राहिले. "आधीच विसरभोळी, त्यात ही समाधी!" त्यांचे यजमान हसले.

साठीनंतर माझ्या बायकोला, कुसुमला, असंच होई. मीही पाहुण्यांना हसून सांगत असे, "नामस्मरण चाललंय." हातपाय झाडले तरच फिट, अशी माझी समजूत. गप्प बसलेल्या बाईची घरात कुणी चौकशी करत नाही. उलट तिचं कौतुक होतं. पुढे कुसुम नातवाचं नाव विसरू लागली, तेव्हा मी वयावर ढकललं. उतारवयातले असे झटके आणि विस्मरण पुष्कळदा एकमेकांच्या पाठोपाठ येतात, हे मला उशिरा कळलं, कारण डॉक्टरांकडे मी उशिरा गेलो.

"ही समाधी नव्हे," मी त्या गृहस्थांना म्हणालो. "आत गेल्यावर हे आधी सांगा."

"काका, तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. मी हिचा नवरा." मी शेजारी बसलेल्या कुसुमकडे हात केला.

कुसुमने मला नीट न्याहाळलं.

"हो का?" ती अदबीने म्हणाली.