डब्याला दुलई

बारकीच्या बोटांचं काय होणार, हा घोर आईच्या डोक्यातून पंधरा दिवस हलत नव्हता. भांडी घासताना आपले हात कोमट पाण्यात असले की मग तर जास्तच. बारकी घरातलं शेंडेफळ, वय सव्वीस. तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं रोज सकाळी मेणबत्तीसारखी पांढरी होऊन घरी येत होती. दारात उभी राहून ती हनुवटी वर करायची, आणि आई तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडवायची. शाळेत जाणाऱ्या पोरीची वेणी सोडवावी तसा.

बारकीचं काम म्हणजे मोटारसायकलवरून रक्त पोचवणं. पहाटे पावणेपाचला निघायचं, अकरा दवाखान्यांतून आदल्या संध्याकाळी घेतलेल्या नळ्या गोळा करायच्या आणि साडेनऊच्या आत प्रयोगशाळेत द्यायच्या. नव्वद किलोमीटर. चार वर्षांत एकदाही उशीर नाही. पाचव्या दवाखान्यातली नर्सबाई तिला घड्याळच म्हणायची. "उठा गं, घड्याळ आलं," असं ती फाटक वाजलं की आतल्यांना सांगायची.

गाडीचं वेड बाबांकडून आलेलं. बाबांनी तीस वर्षं मोटारसायकलवर फिरून विजेचे मीटर वाचले होते, आणि थंडी या विषयात ते स्वतःला प्राध्यापक समजत. त्यांचं म्हणणं एकच. माणूस थंडीनं गारठत नाही, वाऱ्यानं गारठतो. ते छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवून वर बटणं लावत. आई पदवीधर होती, पण तिचा विश्वास लोकरीवर. त्या हिवाळ्यात तिनं बारकीसाठी एकावर एक तीन स्वेटर विणले.

"अगं, विणलेल्यातून वारा आरपार जातो," बाबा म्हणाले. "जाडी वाढवून काय होणार? वारा अडव."

"तुमचे पेपर घालून ती चालली की कुरकुर वाजतं. लोक म्हणतील, रद्दी निघाली."

"रद्दी गरम असते, आई," बारकी म्हणाली.

तिन्ही स्वेटर घालून निघाली त्या दिवशी ती सगळ्यात जास्त गारठून आली. कोपर वाकत नव्हतं, दंडाला काच पडला होता, आणि बोटांपर्यंत रक्त पोचायला वाटच राहिली नव्हती. आपली चूक कळायला आईला तीन स्वेटर लागले. दुसऱ्या दिवशीपासून तिनं मुकाट्यानं रद्दीचे गठ्ठे जपायला सुरुवात केली.

पण वारा अडवायचा कसा? कंपनीचं जाकीट जाळीचं. उन्हाळ्यात शिवून घेतलेलं, बाराही महिने तेच. त्यावर दुसरं काही घालायचं नाही, कारण कंपनीचं चिन्ह झाकलं जातं. पहिल्या दवाखान्यापाशी जाकिटातला फोटो काढून पाठवायचा, मग पुढं जायचं. आणि मागं बांधलेला नळ्यांचा डबा? त्याला चंदेरी कापडाची, आतून जाड अस्तराची दुलई. वर तापमापक. डबा ठरल्यापेक्षा गार झाला की तो पीं-पीं करायचा आणि दोन मिनिटांत कचेरीतून फोन यायचा, डबा ठीक आहे ना. चार वर्षांत बारकीच्या तब्येतीबद्दल असा एकही फोन आलेला नव्हता. हे आठवलं की आईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हातमोज्यांतूनही वारा बोटांना लागायचाच. शेवटी बारकीनंच उपाय काढला. तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा उभा कापून दोन अर्ध्या वाट्या केल्या आणि हँडलच्या दोन्ही मुठींपुढे तारेनं बांधल्या. दिसायला ध्यान, पण वारा हातावर येईना. त्या दिवशी तिनं हेल्मेटचा पट्टा स्वतः सोडला आणि चहाचा कप एका हातानं धरला. बाबा तर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. "हे मला तीस वर्षांत कसं सुचलं नाही," म्हणाले.

आठ दिवस हे सुख टिकलं. नवव्या दिवशी कंपनीचा साहेब तपासणीला आला. "गाडी आहे की भंगाराचं दुकान," असं म्हणून त्यानं पकडीनं तारा तोडल्या आणि वाट्या कचऱ्यात टाकल्या.

हेल्मेटचा पट्टा पुन्हा आईकडं आला. त्यानंतर चौथ्या दिवशी जाकीट धुताना तिच्या हाताला कोपरापाशी गाठी लागल्या. फाटलेली जाळी कुणीतरी काळ्या, चिवट दोऱ्यानं शिवली होती. एकेक टाका वेगळा, प्रत्येकाला गाठ. असे टाके शिंपी घालत नाही, दवाखान्यात घालतात. आई जाकीट तसंच ओलं घेऊन आत गेली. बारकी नुकतीच आलेली, कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसली होती.

"कधी पडलीस?"

"पडले नाही. पुलाच्या उतारावर गाडी आडवी झाली, मी तिच्याबरोबर गेले. नर्सबाईंनी जाकीट शिवून दिलं."

"ब्रेक?"

"दाबला. किती दाबला ते बोटांना कळलं नाही."

"साहेब काय म्हणाले?"

बारकी जरा हसली. "विचारलं, डबा कसा आहे."

बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. आईनं टेबलावरचा फोन उचलला, तेव्हा बारकीला काय ते समजलं. "आई, तू फोन करायचा नाहीस. पोरीची आई तक्रार करते म्हटल्यावर तिथं माझी किंमत काय राहील? चार वर्षं पाण्यात जातील."

"बोटं गेल्यावर किती राहील?"

आईनं जाकीट उलटं करून टेबलावर पसरलं. पाठीवर नारिंगी अक्षरं होती. चालकाने बेपर्वाई केल्यास या क्रमांकावर कळवा. चार वर्षं ती अक्षरं तिनं घासून धुतली होती, वाचली आज.

"हा नंबर रस्त्यावरच्या कुणासाठीही आहे," ती म्हणाली. "बेपर्वाई झालीय. चालकाची नाही, एवढंच. वाट्या परत लावू द्या, नाहीतर अंगावर धड जाकीट द्या, हे मी सांगणार. नाव विचारलं तर नावही सांगणार."

"आई, दे इकडे तो फोन." बारकीनं पाण्यातून हात काढून फोनवर टाकला. बोटं मिटेनात. फोन आईच्या हातातून जरासुद्धा हलला नाही. दोघींनी त्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं. बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

आईनं एकेक आकडा दाबायला घेतला. शेवटच्या आकड्याची शाई डबा घासून घासून उडाली होती. तिथं ती अडली, जाकीट उजेडाकडे धरून डोळे बारीक केले.

बारकीनं हात पुन्हा पाण्यात घातले.

"सात," ती म्हणाली. "शेवटी सात आहे."