साडभाऊ हेडफोनचा फॉल्ट शोधतात

या जगात जी वस्तू बिघडते ती जिथे बिघडलेली दिसते तिथे कधीच बिघडलेली नसते, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि नशिबाने तो माझा साडभाऊ निघाला. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लाईट ऑफिसात लाइनमन म्हणून चिकटले आणि उमेदीची सगळी वर्षं एटापल्लीकडच्या जंगलात घालवली. तिकडे गावाची लाईट गेली की तारेखालून पायी निघायचं, खांबामागून खांब बघत जायचं आणि कुठल्या सागाची फांदी कुठे पडली आहे ते शोधून काढायचं, असं ते काम. एकदा तारेखाली अस्वल बसलेलं होतं. हे अंतर राखून उभे राहिले, अस्वल कंटाळून निघून गेलं, मग हे पुढे निघाले. बाजूच्या पायवाटेने जाता आलं असतं की, असं मी म्हटलं तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "दोन खांब सुटले असते ना, मास्तर!" पुढे सिंदेवाहीला बदली झाली, घर बांधलं, केस पिकले, पण पायांची सवय तोवर डोक्यात चढली होती. चष्मा हरवला तर तो टेबलावर बघायचा नाही. सकाळी ज्या खाटेवरून उठलो तिथून शोधत निघायचं. दाढ दुखायला लागली तेव्हा मी त्यांना चंद्रपूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आरसा दाढेकडे नेला तसे हे खुर्चीत उठून बसले. "एकदम दाढेवर नका येऊ जी. कानापासून तपासत या. फॉल्ट दिसते एकीकडे आन असते दुसरीकडे." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी छताकडे.

दुसरं खूळ बुधवारचं. त्यांच्या ऑफिसात बुधवार म्हणजे मेंटेनन्सचा दिवस. सकाळी गावाची लाईट जायची ती दुपारी यायची. साडभाऊंनी हा नियम घरालाही लावला होता. ड्यूटीवरून आले की पितळी पान्हा आणि तेलाची कुपी घेऊन घरभर हिंडायचे. मिक्सर उघड, सायकलची चेन काढ, शिलाई मशीनला तेल पाज. चांगली चालणारी वस्तू दिसली की त्यांना करमत नसे. "चालून राह्यली म्हणून हात नाई लावाचा काय? बंद पडल्यावर तं कोणीबी लावते." भिंतीवरच्या घड्याळाचा त्यांनी इतका मेंटेनन्स केला की ते पुढे फक्त पाठीवर झोपवलं तरच चालायचं. हिच्या ताई बिचाऱ्या फडताळातलं घड्याळ वाकून बघायच्या आणि वरणाला फोडणी द्यायच्या. शिवाय प्रत्येक स्क्रू दोनदा आवळायचा. पहिल्यांदा आवळलेला स्क्रू म्हणजे नुसता बसलेला स्क्रू, दुसऱ्यांदा आवळला म्हणजे पक्का, हा त्यांचा हिशेब. या हिशेबाने मोरीतले दोन नळ आणि माझी एक सूटकेस कामातून गेली.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे परमिट. वरून लेखी परवानगी असल्याशिवाय यांनी कोणाची लाईट कधी बंद केली नाही आणि लोडशेडिंगच्या वेळेत कोणाची कधी सुरूही ठेवली नाही. सख्ख्या धाकट्या भावाच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लोडशेडिंग सुरू झालं. वधूपक्ष हातापाया पडला, नवरदेवाने स्वतः हात जोडले. हे नव्या सफारीत अंधारात बसून राहिले. "लाईन का माह्या बापाची हाय?" एवढंच म्हणाले. भाऊ वर्षभर बोलत नव्हता. यांना त्याचं वाईट वाटायचं, पण आपण चुकलो असं काही वाटायचं नाही.

तर अशा माणसाच्या घरी मी माझा लॅपटॉप ठेवून आलो, हा मूर्खपणा माझा. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. त्यांची एकुलती एक लेक शुभांगी बी.ए. करून घरी बसली होती. नागपुरात एक ऑफिस होतं. बैठकांचं, व्याख्यानांचं रेकॉर्डिंग ऐकून ते मराठीत टाइप करून द्यायचं काम करायचे ते लोक. तिथे तिने अर्ज केला. चाचणी घरूनच द्यायची होती. ठरल्या दिवशी ते ईमेलने रेकॉर्डिंग पाठवणार, ते ऐकून टाइप करायचं आणि दुपारी चारच्या आत परत पाठवायचं. पास झाली तर नागपूरला नोकरी, हॉस्टेल, सगळं. नाही झाली तर ब्रह्मपुरीचं एक स्थळ दारात उभंच होतं. पोरगी जिद्दीला पेटली होती, ताई तिच्या बाजूने. साडभाऊंना विचारलं की ते फक्त "पाहू" म्हणायचे. जा म्हणत नव्हते, नको म्हणत नव्हते. बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत मराठी टायपिंग नव्हतं, म्हणून महिनाभर सरावाला मी माझा लॅपटॉप दिला आणि सोबत चांगला हेडफोन. हेडफोन हवाच होता, कारण त्यांच्या भिंतीला लागून शेखभाईंची धानाची गिरणी. ती सुरू असली की त्या घरात माणसं हातवारे करून बोलायची.

चाचणी गुरुवारी होती. आदल्या दिवशी बुधवार होता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गुरुवारी सकाळी मी रजा काढून पोचलो तर शुभी रडवेली होऊन दारातच उभी. "काका, बाबानं काल लॅपटॉपचा मेंटेनन्स केला!" झालं होतं असं की साडभाऊंनी लॅपटॉप उघडला, त्यात आवाजाच्या ड्रायव्हरचं अपडेट आलंय असा निरोप दिसला, आणि बुधवारी आलेला तो निरोप त्यांना साक्षात वरून आलेल्या परमिटसारखा वाटला. माझं नेटचं डोंगल लावून त्यांनी ते अपडेट घेतलं, त्यातच डोंगलचा बॅलन्स संपला. तेव्हापासून हेडफोन घातला तरी त्यात सगळं चिडीचूप. आवाज यायचा तो लॅपटॉपच्या पोटातल्या बारक्या स्पीकरमधून, आणि तो गिरणीपुढे चिलटाएवढा.

"घाबराचं नाई," साडभाऊ म्हणाले, "फॉल्ट हाय म्हंजे तो कुठी ना कुठी राह्यतेच." आणि ते उठून घराबाहेर गेले. मला वाटलं पान खायला गेले. बघतो तर रस्त्यावरच्या खांबाकडे मान वर करून उभे. खांबापासून सर्व्हिस वायर बघत बघत मीटरवर आले, मीटरवरून बोर्डावर, बोर्डावरून चार्जरवर. तोवर शुभी कॅफेतून पेन ड्राइव्हमध्ये रेकॉर्डिंग घेऊन आली होती. मी म्हटलं, "भाऊ, हेडफोन जिथे खुपसतात ते भोक तरी बघा." "येतो ना, ओळीनं येतो," म्हणाले. मी चंद्रपूरच्या दुकानातल्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, सोपं आहे, नवा ड्रायव्हर काढा आणि मागचा परत आणा, त्याला तिथेच बटण आहे. आम्ही बटण दाबलं. यंत्र विचार करून बंद झालं, परत सुरू झालं, आणि हेडफोन तसाच मुका. फोनवरचं पोरगंही गोंधळलं. म्हणालं, "अपडेट एकदाच केलं होतं ना?" मी साडभाऊंकडे बघितलं. ते म्हणाले, "दोनदा. पक्कं बसलं पाह्यजे का नाई?" म्हणजे मागे गेलं तरी तिथेही हाच नवा ड्रायव्हर बसलेला. पोराने फोनवर कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इथे ऐकू आला.

शेवटी साडभाऊ त्या भोकापर्यंत पोचले. फुंकर मारून झाली, काडीला कापूस लावून पुसून झालं, हेडफोनची पिन गोल गोल फिरवून झाली. मी म्हटलं, चल शुभी, गाडीवर बस, गिरणीपासून लांब कोणाच्या तरी घरी जाऊ. हे अडून बसले. "फॉल्ट माह्या हातानं झाला हाय, तो माह्याच हातानं निघन. पंधरा मिनिटं थांबा." अशी पंधरा मिनिटं होत होत दुपार झाली. शुभी लॅपटॉप घेऊन दुलईत शिरली. दोन घागरी पाणी ओतल्यासारखी घामेजून बाहेर आली, केस चिकटलेले, डोळे लाल. गिरणीच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं म्हणून ती ओरडून म्हणाली, "बाबा, मले काईच नाई आयकू येऊन राह्यलं. जाऊ द्या. नाई देत मी परीक्षा. नाई जात नागपूरले." आणि गुडघ्यात डोकं घालून बसली. ताईंनी तोंडाला पदर लावला. मला साडभाऊंचा असा राग आला होता की काय सांगू! पान्हा उचलून गिरणीत फेकावा असं वाटत होतं.

साडभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग खुंटीवरचे रबरी हातमोजे काढले आणि बाहेर पडले. आता हे पुन्हा खांबापासून सुरुवात करतात की काय, म्हणून मी चिडून मागे गेलो. ते खांबापाशी थांबले नाहीत. गल्लीच्या टोकाला सगळ्या गल्लीला लाईट देणारी डीपी होती तिथे गेले, पेटी उघडली आणि तिन्ही फ्यूज ओढून खिशात घातले. गिरणीचा आवाज मध्येच तुटला. पंखे थांबले, कोणाच्या तरी घरचा टीव्ही थांबला, आणि त्या शांततेत आमच्या खिडकीतून बॅटरीवर चाललेल्या लॅपटॉपचा आवाज अगदी स्वच्छ बाहेर आला. कुठल्या तरी बैठकीत कोणी तरी म्हणत होतं, "अध्यक्ष महोदय, चहा अजून आलेला नाही." पाठोपाठ शुभीची बोटं सुरू झाली ती टकटक टकटक थांबेचनात.

मी म्हटलं, "भाऊ, परमिट?" ते एक हात खिशातल्या फ्यूजवर ठेवून डीपीखाली उभे राहिले. लोक येऊन विचारायचे, "का जी, लाईन काऊन गेली?" हे म्हणायचे, "फॉल्ट शोधून राह्यलो." शेखभाई गिरणीतून कोंड्याने पांढरे झालेले बाहेर आले. त्यांनीही तेच विचारलं. त्यांच्यापुढे मात्र साडभाऊंना खोटं बोलवेना. मान खाली घालून म्हणाले, "फॉल्ट नाई हो शेखभाई. लाईन मीच बंद केली. पोरीची परीक्षा चालू हाय, तिले आयकू नाई येत." शेखभाई कोंडा झटकत म्हणाले, "क्या भाऊ तुम भी! इतकंच होतं तं मले सांगाचं ना. मी गिरणी बंद केली असती. शुभी काय फक्त तुमचीच पोरगी हाय?" साडभाऊंच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. भिंतीपलीकडे जाऊन नुसतं विचारायचं, इतका जवळचा रस्ता त्यांना आयुष्यात कधी दिसलाच नव्हता. मग शेखभाईंनीच घरून चहा मागवला आणि शुभीचं काम होईस्तोवर दोघं तिथेच उभे राहिले.

चाराच्या आत शुभीचं काम कॅफेतून रवाना झालं. फ्यूज जागेवर बसले, दोनदा दाबून. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन यांनी आपणहून सांगितलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली. महिन्याभरात नागपूरहून पत्र आलं, शुभी पास झाली होती.

ती निघाली त्या दिवशी मी मुद्दाम सिंदेवाहीला गेलो होतो. एसटी आली, सामान चढलं, ताई रडल्या, शुभी रडली. साडभाऊ बसच्या मागच्या चाकाचे नट वाकून बघत होते. बस वळणाआड गेली तसे माझ्याजवळ आले आणि इतक्या हळू बोलले की मला कान पुढे करावा लागला. "मास्तर, तुमालेच सांगतो, घरी बोलू नका. त्या दिवशी डीपीखाली उभा होतो ना, तवा मी देवाले म्हणून राह्यलो होतो, पोरगी नापास होऊ दे."

मी म्हटलं, "मग फ्यूज लावून टाकायचे होते, भाऊ. तुमच्याच खिशात होते."

त्यांनी बस गेलेल्या रस्त्याकडे बघितलं. "कसे लावू जी? पोरगी आयकून राह्यली होती ना."